अर्धवट मुळाचा दात : मुलांच्या मार लागलेल्या दातांवरील पुनर्जनक उपचाराचा इतिहास

आठ-नऊ वर्षांचे मूल सायकलवरून पडते, मैदानावर कुणाचे डोके तोंडावर आदळते किंवा जिन्यात पाय घसरतो. बहुतेक वेळा मार बसतो तो वरच्या समोरच्या दोन दातांना. ओठ फुटतो, रक्त येते, चार दिवसांत सूज उतरते आणि घरचे लोक निश्चिंत होतात. काही महिन्यांनी तोच दात करडा दिसू लागतो, किंवा त्याच्यावरच्या हिरडीवर पुवाची पुटकुळी येते. तोवर दाताच्या आतील जिवंत गाभा, म्हणजे दंतमज्जा, मरून गेलेली असते. बोलीत हिलाच ‘दाताची नस’ म्हणतात.

प्रौढ माणसाच्या बाबतीत असे झाले तर उत्तर ठरलेले आहे : रूट कॅनाल. मुलाच्या बाबतीत मात्र एक अडचण येते, आणि या अडचणीवर दंतवैद्यक गेली साठ वर्षे विचार करीत आहे.

दात उगवतो, पण पुरा झालेला नसतो

वरचा मधला पटाशीचा दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी हिरडीतून बाहेर येतो. बाहेरून तो पूर्ण दिसतो, परंतु हाडात दडलेले त्याचे मूळ अजून वाढत असते. ही वाढ पुरी व्हायला आणखी सुमारे तीन वर्षे लागतात. या काळात मुळाच्या भिंती आतून जाड होत जातात आणि टोकाकडचे रुंद तोंड हळूहळू निमुळते होऊन जवळजवळ मिटते. भिंती जाड करण्याचे काम दंतमज्जेच्या कडेला रांगेने उभ्या असलेल्या पेशी करतात. मुळाला आकार देण्याचे काम टोकाशी असलेले पेशींचे एक नाजूक आवरण करते. जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कर हर्टविग यांनी १८७४ मध्ये उभयचर प्राण्यांच्या दातांत हे आवरण वर्णिले, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते.

या अवस्थेत मज्जा मेली की वाढ जागीच थांबते. मूळ आखूड राहते, भिंती पातळ राहतात आणि टोक कर्ण्याच्या तोंडासारखे उघडे राहते. रूट कॅनालमध्ये आतील नळी घासून स्वच्छ करतात आणि गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने दाबून भरतात. येथे भिंती घासाव्यात तर त्या आधीच कागदासारख्या, आणि पदार्थ दाबावा तर खाली तो अडवणारे काहीच नाही. दात काढून टाकणे हाही मार्ग नव्हे. जबडा वाढत असताना कृत्रिम रोपण बसविता येत नाही, आणि दात गेलेल्या जागेचे हाड झिजत जाते. एवढ्या लहान वयात गेलेल्या दाताची उणीव माणूस पुढची साठ-सत्तर वर्षे वागवतो.

भरण्याची परंपरा

दंतवैद्यकाचा आतील नळीशी असलेला संबंध जुना आहे. फ्रान्समधील पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात दाताच्या आतील गाभ्यावरील उपचारांचे वर्णन केले. १८३८ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाच्या स्प्रिंगपासून नळी साफ करण्याचे बारीक हत्यार बनविले. १८४७ मध्ये एसा हिल यांनी गटापर्चाचे मिश्रण दात भरण्यासाठी आणले, आणि त्यानंतरच्या काही दशकांत हाच पदार्थ मुळाच्या नळीत जाऊन बसला. मधे एक मोठा खंडही पडला. १९१० मध्ये विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने माँट्रियल येथील व्याख्यानात तोंडातील लपलेल्या संसर्गाला शरीरभरच्या व्याधींसाठी जबाबदार धरले. त्यातून निर्माण झालेल्या भीतीपायी पुढे कित्येक वर्षे असंख्य दात विनाकारण उपटले गेले.

या साऱ्या काळात विचाराची दिशा एकच होती. आतला गाभा मेला, तर ती जागा स्वच्छ करायची आणि निर्जीव पदार्थाने बंद करायची. प्रौढांच्या दातांसाठी ही दिशा योग्य होती आणि आजही आहे. मुलांच्या दातांसाठी तिला टेकू द्यावा लागला तो कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा. हे तीव्र अल्कधर्मी संयुग दंतवैद्यकात १९२० मध्ये बर्नहार्ड हर्मान यांनी आणले होते. १९६४ मध्ये कायझर यांनी आणि १९६६ मध्ये आल्फ्रेड फ्रँक यांनी त्याचा नवा उपयोग मांडला. उघड्या टोकाच्या दातात त्याची पेस्ट भरून ठेवली आणि काही महिन्यांनी ती बदलत राहिले, तर टोकाशी कठीण ऊतीचा एक पडदा तयार होतो, आणि मग गटापर्चा भरता येतो. या पद्धतीला ‘अपेक्सिफिकेशन’ म्हणतात. तिला सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, कधी त्याहून अधिक काळ लागे. मुलाला पुनःपुन्हा यावे लागे. तरीही संसर्ग जाई, पू थांबे आणि क्ष-किरण चित्रात हाड भरून आलेले दिसे. तीन दशके जगभर हाच उपचार प्रमाण मानला गेला.

स्टॉकहोमचे आकडे

या समाधानाला धक्का दिला तो एका जुन्या नोंदवहीतून निघालेल्या हिशेबाने. स्वीडनमधील मिओमिर च्वेक यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि गटापर्चाने उपचार केलेल्या, मार लागून हललेल्या वरच्या पुढच्या दातांचा मागोवा घेतला आणि तो अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेक दातांतील संसर्ग बरा झाला होता. पण पुढील चार वर्षांच्या काळात अर्धवट मुळाचे दात हिरडीच्या पातळीजवळ मोडत होते. मूळ जितके कमी वाढलेले, तितका मोडण्याचा धोका अधिक. सर्वांत कमी वाढलेल्या मुळांच्या गटात ७७ टक्के दातांना असा भंग झाला, आणि अर्धवट मुळांपैकी सर्वाधिक वाढलेल्या गटातही हे प्रमाण २८ टक्के होते.

उपचार यशस्वी ठरला होता आणि दात मात्र वाचला नव्हता. यश मोजण्याची पट्टी केवळ संसर्गापुरती होती. भिंतीच्या जाडीकडे तिने पाहिलेच नव्हते.

दहा वर्षांनी डेन्मार्कमधील येन्स ओवे आंद्रेआसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. मेंढ्यांच्या अर्धवट वाढलेल्या दातांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवल्यावर सुमारे वर्षभरात त्या दातांची ताकद निम्म्यावर आली. पातळ भिंत ही मूळची अडचण होतीच, आणि औषधाचा दीर्घ मुक्काम ती अधिक ठिसूळ करीत असावा असा संशय बळावला.

दरम्यान कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी पोर्टलंड सिमेंटशी नाते असलेला एक पदार्थ विकसित केला : मिनरल ट्रायऑक्साइड अॅग्रिगेट, अर्थात एमटीए. १९९३ पासून त्याच्यावरील संशोधन प्रसिद्ध होऊ लागले. तो ओलाव्यातही घट्ट होतो, ऊतींना इजा करीत नाही आणि झिरपू देत नाही. त्याचा बूच टोकाशी बसविला की वर्षभराचे काम एक-दोन भेटींत होऊ लागले. आंद्रेआसेन यांनी दाखविलेला दीर्घ मुक्काम त्यामुळे टळला. तरीही च्वेक यांनी दाखविलेली अडचण जागीच होती. बूच कितीही चांगला असला तरी मूळ आखूडच राहणार आणि भिंत पातळच राहणार. बाहेरून आणलेला कोणताही पदार्थ भिंत वाढवू शकत नव्हता. ती वाढवायची तर आत जिवंत ऊतीच हवी होती.

ऑस्लोची विसरलेली कल्पना

हा विचार नवा नव्हता. नॉर्वेतील बिर्गर नूगोर-ओस्टबी यांनी १९६१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला होता. रक्ताची गुठळी ही शरीरात सर्वत्र जखम भरण्याची पहिली पायरी असते. मग दाताच्या रिकाम्या नळीत ती बसू दिली तर काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी मुळाच्या टोकापलीकडे हत्यार नेऊन मुद्दाम रक्तस्राव घडविला, नळीत गुठळी होऊ दिली आणि पुढे काही दात काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. नळीत संयोजी ऊती आत शिरलेली दिसली, भिंतीवर मुळाच्या बाह्य आवरणासारखा कठीण थरही बसलेला दिसला. पण ती दंतमज्जा नव्हती. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, योर्टडाल यांच्यासह केलेल्या कामात मर्यादा अधिक स्पष्ट झाली : ज्या दातांतील मज्जा आधीच सडून संसर्ग झाला होता, त्यांत असा परिणाम मिळेना.

कल्पना बाजूला पडली. मागे वळून पाहिले तर तिला तीन गोष्टींची वाट पाहावी लागली असे दिसते. नळी न घासता जंतू मारण्याचे साधन तेव्हा नव्हते. गुठळीवर ठेवता येईल असे, रक्ताच्या ओलाव्यात घट्ट होणारे झाकण नव्हते. आणि हा खटाटोप कशासाठी करायचा, याचे सबळ कारणही नव्हते. ते च्वेक यांच्या आकड्यांनी तीस वर्षांनंतर दिले.

रुंद उघडे टोक हे संकट असले तरी तोच मार्गही असू शकतो, याच्या खुणा मात्र मधूनमधून मिळत होत्या. १९६६ मध्ये रूल आणि विंटर यांनी मज्जा मेल्यानंतरही मुलांच्या दातांच्या मुळाची वाढ झाल्याची उदाहरणे ‘ब्रिटिश डेंटल जर्नल’मध्ये नोंदविली. १९७८ मध्ये स्कोगलुंड आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या पिलांचे अर्धवट मुळाचे दात काढून पुन्हा बसविले, तेव्हा रक्तवाहिन्या उघड्या टोकातून आत शिरून संपूर्ण नळीत पसरलेल्या आढळल्या. निखळलेला दात जंतुमुक्त असेल तर त्यातील मृत मज्जा नव्या वाहिन्यांसाठी मांडवासारखी उपयोगी पडते. अडचण होती ती जंतूंचीच.

दोन उपदाढा

जंतूंवरचा तोडगा जपानमधून आला. १९९६ मध्ये नीगाता विद्यापीठातील होशिनो आणि सहकाऱ्यांनी मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मिनोसायक्लिन या तीन प्रतिजैविकांचे मिश्रण दाताच्या आतील जंतूंवर प्रभावी ठरते हे दाखविले. नळीत राहणाऱ्या मिश्र जंतुसमूहाला एकटे औषध पुरत नसे. तिघांनी मिळून ते काम केले.

२००१ मध्ये इवाया, इकावा आणि कुबोता या जपानी दंतवैद्यांनी एका तेरा वर्षांच्या रुग्णाचा अहवाल ‘डेंटल ट्रॉमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात दिला. खालच्या दुसऱ्या उपदाढेतील मज्जा मेली होती आणि मुळाच्या टोकाशी संसर्ग होता. त्यांनी नळीत जंतुनाशक औषधे वापरली आणि त्यानंतर ती चक्क रिकामी सोडली. पाच महिन्यांनी टोक मिटू लागल्याचे दिसले. तीस महिन्यांनी भिंत जाड झाली होती आणि टोक पूर्ण मिटले होते.

२००४ मध्ये अमेरिकेतील फ्रान्सिस्को बँक्स आणि मार्टिन ट्रोप यांनी या अनुभवाला पद्धतीचे रूप दिले. अकरा वर्षांच्या मुलाच्या खालच्या उपदाढेत त्यांनी धुण्याचे द्रावण, तीन प्रतिजैविकांची पेस्ट, मुद्दाम घडविलेला रक्तस्राव आणि गुठळीवर एमटीएचे झाकण असा क्रम वापरला. ऑस्लोची गुठळी, नीगाताची औषधे आणि लोमा लिंडाचे सिमेंट एका दातात एकत्र आले. दोन वर्षांनी त्या दाताचे मूळ वाढलेले होते आणि थंडाव्याच्या चाचणीला तो प्रतिसाद देत होता. त्या निबंधाच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते. पुढील काही वर्षांत जगभरच्या दवाखान्यांतून असे शेकडो अहवाल आले, आणि ते प्रश्नचिन्ह बऱ्याच जणांच्या विस्मरणात गेले.

विसरली गेलेली दुसरी गोष्टही महत्त्वाची आहे. हे दोन्ही प्रसिद्ध दात उपदाढा होत्या. पडून मार लागलेले पुढचे दात नव्हते. आशियाई वंशाच्या लोकांत उपदाढेच्या मध्यभागी कधीकधी एक जादा टोक असते. ते चावताना मोडले की जंतूंना आत वाट मिळते. अशा दातात संसर्ग होतो, पण मुळाच्या टोकाभोवतीच्या पेशींना धक्का बसलेला नसतो. पडून हललेल्या पटाशीच्या दातात मात्र नेमका तोच भाग चेंगरला जातो. मुळाला आकार देणारे हर्टविग यांचे आवरण फाटले असेल, तर रक्त आत आणूनही वाढीचा आराखडा देणारे कोणी उरत नाही. पुढच्या तुलनात्मक अभ्यासांतही जादा टोक मोडलेल्या उपदाढांत मुळाची वाढ अधिक चांगली आणि मार लागलेल्या दातांत ती अनिश्चित, असेच चित्र दिसत गेले.

दिल्लीतील चौदा दात

भारतात या उपचाराची पद्धतशीर नोंद लवकरच झाली. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील नसीम शाह, अजय लोगानी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘जर्नल ऑफ एंडोडॉन्टिक्स’मध्ये चौदा रुग्णांचा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वेळी या विषयावरचे बहुतेक लेखन एक-दोन दातांच्या अहवालांपुरते होते. चौदा दातांची एकत्रित मांडणी ही त्यामुळे लक्षणीय होती. संसर्ग झालेल्या अर्धवट मुळाच्या दातांत रक्तस्राव घडवून त्यांचा सहा महिन्यांपासून साडेतीन वर्षांपर्यंत पाठपुरावा केला गेला. चौदापैकी तेरा दातांत मुळाभोवतीचा संसर्गाचा डाग क्ष-किरण चित्रात नाहीसा झाला. दहा दातांत मुळाची लांबी वाढलेली दिसली. भिंत जाड झाल्याचे मात्र आठच दातांत आढळले.

या तीन आकड्यांचा उतरता क्रम बोलका आहे. संसर्ग जवळजवळ नेहमी बरा होतो, लांबी बहुधा वाढते, आणि ज्या जाडीसाठी हा सारा प्रपंच तिची खात्री सर्वांत कमी. जगभरच्या पुढच्या मोठ्या अभ्यासांचा सूरही बराचसा असाच राहिला आहे.

२०१२ मध्ये याच संस्थेतील जाधव, शाह आणि लोगानी यांनी वीस रुग्णांच्या मार लागलेल्या किंवा मृत पुढच्या दातांवर आणखी एक प्रश्न तपासला. नळीत पुरेसे रक्त येत नसेल किंवा गुठळी कमकुवत असेल, तर रुग्णाच्याच रक्तापासून वेगळा काढलेला, रक्तबिंबिकांनी समृद्ध असा द्रव तिच्या जोडीला घालून फायदा होतो का? बिंबिकांत जखम भरण्यास चालना देणारे वाढघटक साठलेले असतात. वर्षभराच्या निरीक्षणात दोन्ही गटांत सुधारणा दिसली, आणि हा द्रव वापरलेल्या गटात ती अधिक ठळक होती. अभ्यास लहान होता, पण त्याचा विषय उपदाढा नसून पुढचे दात होते. त्यानंतर भारतातील अनेक दंत महाविद्यालयांतून बिंबिकांचे द्रव आणि जाळीदार फायब्रिन यांवर काम झाले. हे साहित्य रुग्णाच्या काही मिलिलिटर रक्तातून, एका अपकेंद्री यंत्राच्या साह्याने खुर्चीजवळच तयार होते, म्हणून ते येथील परिस्थितीला सोयीचेही होते.

गुठळीत काय येते?

गुठळी म्हणजे केवळ रक्त नव्हे, हे समजायला पेशीविज्ञानाची गरज लागली. २००० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ग्रोंथोस, शी आणि सहकाऱ्यांनी प्रौढ माणसाच्या दंतमज्जेत मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असल्याचे दाखविले. २००३ मध्ये सोंगताओ शी यांच्या गटाने मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतही अशा पेशी असल्याचे सिद्ध केले. या शोधाची प्रेरणा शी यांना स्वतःच्या मुलीच्या पडलेल्या दातावरून मिळाली होती. पुढे अर्धवट मुळाच्या टोकाशी असलेल्या मऊ ऊतीतही मूलपेशींचा वेगळा साठा सापडला. संसर्ग होऊनही ही ऊती बऱ्याचदा तग धरून राहते.

२०११ मध्ये टेक्सासमधील लव्हलेस आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या दातांत रक्तस्राव घडविल्यावर नळीतील रक्ताचे नमुने तपासले. अंगातील फिरत्या रक्ताच्या तुलनेत त्यात मूलपेशींच्या खुणा कित्येक शेकडा पटींनी अधिक होत्या. म्हणजे टोकापलीकडे हलकेच टोचल्याने नकळत मूलपेशींचेच आरोपण होत होते. १९६१ मधील त्या कृतीमागचे कारण पन्नास वर्षांनी उलगडले.

आणखी एक योगायोग येथे नोंदवावा असा आहे. नळीच्या भिंतीवरील कॅल्शियम विरघळविणारे ईडीटीए हे द्रावण दंतवैद्यकात १९५७ मध्ये नूगोर-ओस्टबी यांनीच आणले होते, तेही अरुंद नळ्या मोकळ्या करण्यासाठी. दात घडताना त्याच्या भिंतीत वाढघटक गाडले जातात आणि ईडीटीएने धुतल्यावर ते मोकळे होऊन मूलपेशींना खुणावतात, हे पुढे कळले. त्यामुळे आजच्या पद्धतीत १७ टक्के ईडीटीएचे धुणे ही शेवटची महत्त्वाची पायरी आहे. जंतुनाशक सोडियम हायपोक्लोराइटही आता पूर्वीसारखे तीव्र न वापरता सुमारे दीड टक्क्याचे वापरतात, कारण तीव्र द्रावण जंतूंबरोबर मूलपेशींनाही मारते. प्रतिजैविकांची पेस्ट याच कारणाने आरंभीच्या तुलनेत शेकडो पट विरळ झाली. दात काळपट करणारे मिनोसायक्लिन तर अनेक ठिकाणी वगळले जाते. बधिरतेच्या इंजेक्शनात रक्तवाहिन्या आकसविणारे औषध टाळतात, नाहीतर हवे तेव्हा रक्तच येत नाही. आधी केवळ जंतूंशी लढणारी ही पद्धत आता पेशींचा पाहुणचार शिकली होती.

नाव काय द्यावे?

२००७ च्या सुमारास या शाखेला ‘पुनर्जनक एंडोडॉन्टिक्स’ असे नाव रूढ झाले. २०११ मध्ये अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने उपचाराला स्वतंत्र संकेतांक दिला. नावाने मोठे वचन दिले होते : मेलेली मज्जा पुन्हा जन्मते.

क्ष-किरण चित्रात भिंत जाड दिसे, पण ती कशाची बनली आहे हे चित्र सांगत नव्हते. २०१० मध्ये वांग आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या उपचारित दातांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जाडी वाढविणारा थर दाताच्या मूळ द्रव्याचा नव्हता. तो मुळाच्या बाह्य आवरणासारखा होता. नळीत काही ठिकाणी हाडासारखी ऊती होती आणि मुळाला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंसारखी ऊतीही होती. पुढे काही कारणाने काढाव्या लागलेल्या मानवी दातांतही बहुतेक वेळा असेच आढळले. नूगोर-ओस्टबी यांनी १९६१ मध्ये जे पाहिले होते, जवळजवळ तेच.

शास्त्रीय भाषेत याला पुनर्जनन म्हणत नाहीत; ती भरपाई आहे. या भेदाला केवळ शब्दांचा वाद समजू नये. बाह्य आवरणाचा थर भिंतीला किती बळकटी देतो, तो दाताला वर्षानुवर्षे मोडण्यापासून वाचवितो का, हे ठरविण्यासाठी च्वेक यांच्यासारखेच दीर्घ निरीक्षण लागते. युरोपियन एंडोडॉन्टॉलॉजी संस्थेने २०१६ च्या आपल्या निवेदनात म्हणूनच ‘पुनर्जनन’ टाळून ‘पुनरुज्जीवन’ हा सौम्य शब्द निवडला. दातात जीव परतला एवढेच तो शब्द सांगतो. कोणता जीव, याचा दावा करीत नाही.

खरी मज्जा पुन्हा निर्माण करण्याचा सर्वांत लक्षणीय प्रयत्न चीनमधील शियान येथे झाला. मार लागून मज्जा मेलेल्या मुलांच्या दुधाच्या दातांतील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्याच दुखावलेल्या कायमच्या दातात बसविण्यात आल्या. चाळीस मुलांपैकी तीस या गटात आणि दहा जुन्या अपेक्सिफिकेशनच्या गटात होती. अनुक्रमे सव्वीस आणि दहा मुलांचे निष्कर्ष हाती आले. २०१८ मध्ये ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार वर्षभरानंतर पेशी मिळालेल्या दातांत रक्तपुरवठा आणि संवेदना परतली होती आणि मूळ वाढत होते. त्यातील एक दात दुसऱ्यांदा मार लागून काढावा लागला, तेव्हा आतील ऊतीत दंतमज्जेची खरी रचना दिसली.

आशा आणि बाजार

असे निष्कर्ष बातम्यांत आले की दुधाचे दात ‘बँकेत’ जपून ठेवण्याच्या जाहिरातीही येतात. या बाबतीत भारताची भूमिका स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्यापारी साठवणुकीला परवानगी आहे ती केवळ नाळेतील रक्ताला. दातांपासून मिळणाऱ्या पेशींच्या लाभाला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याने त्यांची व्यापारी साठवण या तत्त्वांना मान्य नाही. अशा पेशींचे आरोपण मान्यताप्राप्त प्रयोगाच्या चौकटीबाहेर करता येत नाही. शियानचा प्रयोग आश्वासक असला तरी तो एकच आहे. पेशी जंतुविरहित प्रयोगशाळेत वाढविण्याचा खर्च आणि जोखीम सामान्य दवाखान्याच्या आवाक्यापलीकडची आहे.

रक्ताच्या गुठळीचा उपचार मात्र या वर्गात मोडत नाही. त्यात पेशी बाहेर काढून वाढविल्या जात नाहीत. मुलाच्या शरीराने आणलेलेच तेथे वापरले जाते. मज्जा मेलेल्या, मूळ बरेच आखूड आणि भिंती फार पातळ असलेल्या दातांसाठी तो आज विचारात घ्यावा असा स्वीकृत पर्याय आहे. मूळ बऱ्यापैकी वाढलेले असेल तर एमटीएचा बूच अधिक निश्चित फळ देतो. गुठळीचा उपचार फसला तरी बूच बसविण्याची वाट बंद होत नाही, ही त्याची आणखी एक जमेची बाजू आहे.

या इतिहासाच्या कडेला च्वेक यांचे आणखी एक काम उभे आहे. १९७८ मध्ये त्यांनी दाखविले की दात मोडून मज्जा उघडी पडली, तरी वरचा दोनएक मिलिमीटरचा दुखावलेला भाग काढून उरलेली मज्जा झाकली, तर ती बहुतेक वेळा जगते आणि मूळ आपले आपण पुरे वाढते. गुठळी, पेस्ट किंवा प्रयोगशाळेतील पेशी जे अंशतः साधतात, ते जिवंत राहिलेली मज्जा पूर्णत्वाने करते. त्यासाठी मार लागल्यावर मुलाला लवकर दंतवैद्याकडे न्यावे लागते. दात बाहेरून धड दिसत असला, दुखायचा थांबला असला तरीही, आणि पुढे काही महिने तपासणीला जात राहावे लागते. साऱ्या उपचारपद्धतींत हीच सर्वांत स्वस्त आहे, आणि दात करडा पडेपर्यंत थांबणाऱ्या घरांना तिचाच लाभ मिळत नाही.